औषध संपल्यावर उगवणारे दात

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या लेकराला ब्लड कॅन्सर निघाला, की घरच्यांच्या धावपळीच्या वाटा जवळपास ठरलेल्या असतात. आधी तालुक्याचे डॉक्टर, मग वाशीम किंवा अकोला. तिथून कुणी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जातो, कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात. आणि बरेच जण अकोल्याहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस नाहीतर अमरावती एक्सप्रेस पकडून मुंबई गाठतात. परळचे टाटा. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर नंबर लागला तर मुलांसाठी २००६ पासून चालणारे सेंट ज्यूडचे एखादे केंद्र. घरी सोयाबीन काढायला आलेले, दुसरे मूल आजीकडे ठेवलेले, आणि इथे रोज सकाळी एकच प्रश्न: आज पेशी किती?

अशा वेळी मुलाच्या दातांचा विचार कुणाच्या मनात येईल? येऊही नये. जीव वाचवायचा असतो. पण कॅन्सरची औषधे ज्या दिवसांत शरीरात जातात, नेमक्या त्याच दिवसांत हिरडीच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या जागी, त्या मुलाचे आयुष्यभराचे दात घडत असतात. औषधांनी तिथे काय केले, हे कळायला पुढची सहा-आठ वर्षे जावी लागतात. तोवर मूल बरे होऊन गावी परतलेले असते, फाइल ट्रंकेच्या तळाशी गेलेली असते, आणि वाशीमच्या किंवा कारंज्याच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलाकडे पाहून दंतवैद्याला कल्पनाही नसते, की या तोंडावरून कधीकाळी केमो गेली आहे. सगळी अडचण या मधल्या वर्षांत आहे.

मुलांमधल्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक आढळतो तो ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे बोलीतला ब्लड कॅन्सर. तो सर्वात जास्त गाठतो दोन ते पाच या वयात. आता दातांचे वेळापत्रक पाहू. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास. कायमच्या दातांतली पहिली मोठी दाढ जन्माच्या वेळी कॅल्शियम धरायला लागते. समोरचे पटाशीचे दात आणि सुळे पहिल्याच वर्षात. त्यामागच्या उपदाढा दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान, दुसरी मोठी दाढ अडीच-तीन वर्षांची असताना. या दुसऱ्या दाढेचा वरचा भाग, ज्याला दंतवैद्य क्राउन म्हणतात, तो पूर्ण व्हायला सात-आठ वर्षे उजाडतात. मुळे तर त्याहून कितीतरी पुढे, काहींची चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत वाढत राहतात. अक्कलदाढेची सुरुवातच सात ते दहा वर्षांच्या वयात होते.

म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या हसण्यात वीस दुधाचे दात दिसतात, तेव्हा त्यांच्या खाली जबड्याच्या हाडात कायमच्या दातांचा एक पूर्ण कारखाना चालू असतो. कुणाचा क्राउन अर्धा झालेला, कुणाचा नुकता सुरू, कुणाचे मूळ धरू लागलेले.

पाऊस कधी ओढ देतो, यावर पिकाचे काय होणार हे ठरते, हे वाशीमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पेरणीनंतर दडी मारली तर उगवणच होत नाही, फुलोऱ्यात मारली तर शेंगा कमी, आणि दाणे भरताना मारली तर शेंग दिसते पण आत दाणा बारीक. दातांचेही तसेच. दाताचा कोंब धरण्याआधीच औषधाचा मारा झाला, तर तो दात येतच नाही. क्राउन घडताना झाला, तर दात येतो पण खुजा, कधी अगदी खुंटीसारखा. वरचे पांढरे टणक कवच, एनॅमल, तयार होताना झाला तर कवच पातळ, खडबडीत, खाचा पडलेले, पिवळट-तपकिरी पट्ट्यांचे. आणि क्राउन होऊन मूळ वाढत असताना झाला तर वरून दात झकास दिसतो, पण खाली मूळ आखूड, निमुळते, टोकाला आधीच बंद झालेले. हा शेवटचा प्रकार सर्वात फसवा आहे, कारण तो एक्स-रेशिवाय कुणालाच दिसत नाही.

असे का होते, हे समजायला पेशींच्या पातळीवर उतरावे लागते. केमोची औषधे कॅन्सरच्या पेशी ओळखून मारत नाहीत. भराभर विभागणाऱ्या पेशी ती मारतात, म्हणूनच केस जातात, तोंड येते, रक्तातल्या पेशी घसरतात. केसांची मुळे पुन्हा उगवतात, तोंडाची कातडी काही दिवसांत भरते. दात घडवणाऱ्या पेशींचे तसे नाही. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी आपले काम एकदाच करतात आणि दात हिरडीबाहेर येताना नष्ट होतात. दिवसाला मिलीमीटरचे काही हजारावे भाग एवढ्या वेगाने त्या थर चढवतात. एका आठवड्याचा थर बिघडला, की तो तसाच राहतो. नंतर कितीही दूध पाजले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तरी आतून दुरुस्ती होत नाही. घरोघरी दिला जाणारा ‘कॅल्शियम वाढवा’ हा सल्ला इथे कुचकामी ठरतो.

एनॅमलच्या आतला भाग म्हणजे डेंटिन. ते तयार करणाऱ्या पेशींवर एका औषधाचा विशेष घाव बसतो. व्हिन्क्रिस्टिन हे त्याचे नाव, ल्युकेमियाच्या जवळजवळ प्रत्येक उपचारात असणारे. ते निघते सदाफुलीपासून, विदर्भातल्या अंगणांत आणि देवळांच्या कडेला कुणी न लावताही उगवणाऱ्या त्याच गुलाबी-पांढऱ्या फुलझाडापासून. १९६०च्या दशकात ते वापरात आले आणि मुलांच्या ब्लड कॅन्सरचे चित्र बदलले. पेशीच्या आत सामान इकडून तिकडे वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. व्हिन्क्रिस्टिन त्या नळ्याच बनू देत नाही. कॅन्सरची पेशी त्यामुळे विभागू शकत नाही आणि मरते. डेंटिन बनवणाऱ्या पेशीही आपला माल याच नळ्यांच्या आधाराने बाहेर पाठवत असतात, त्यांचेही काम त्या काळात अडते. १९८७ मध्ये ब्रिटनमधले मॅक्लिओड, वेलबरी आणि सोम्स यांनी केमो घेतलेल्या मुलांचे काढलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा डेंटिनमध्ये ठळक रेघा दिसल्या. त्या रेघा शिरेतून दिलेल्या व्हिन्क्रिस्टिनच्या डोसांशी जुळत होत्या. फाइल हरवली तरी दाताच्या आत तारखा उमटलेल्या राहतात, असा त्याचा अर्थ. अर्थात, तारखा वाचायला दात उपटावा लागतो, तेव्हा फाइल जपलेली बरी.

एक नमुना घेऊ. ही कुणा एका मुलीची गोष्ट नाही. दंतवैद्यकात असे जे वारंवार दिसते, त्यावरून जुळवलेले हे चित्र आहे. समजा, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका मुलीला दुसऱ्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला. उपचार अडीच वर्षे चालले. पहिल्या महिन्यात व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, ॲस्पॅराजिनेज. मग तीव्र टप्पे. मग घरी राहून रोजची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. साडेचार वर्षांची असताना औषधे संपली. मुलगी बरी झाली, शाळेत जाऊ लागली. सातव्या वर्षी पटाशीचे दात आले, त्यांच्यावर हिरडीजवळ बारीक खाचांची एक आडवी ओळ. आईला वाटले, नीट घासत नाही. अकराव्या वर्षी वर्गातल्या मुलींना पुढच्या दाढा आल्या आणि हिच्या मात्र दुधाच्या दाढा हलायला तयार नाहीत.

आता त्या मुलीचा ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबडे एका पट्टीत दाखवणारा मोठा एक्स-रे, तर काय दिसेल? खालच्या दोन्ही दुधाच्या मागच्या दाढा जागच्या जागी, आणि त्यांच्या खाली नुसते हाड. ज्या उपदाढा तिथून यायच्या, त्या घडल्याच नाहीत, कारण त्यांची सुरुवात होण्याच्या सुमारासच केमो सुरू झाली होती. पुढच्या उपदाढा आहेत, पण नेहमीपेक्षा लहान. दुसरी मोठी दाढ हाडात दिसते, तीही छोटी. पहिल्या दाढेचा क्राउन मात्र चांगला, कारण तो उपचारांआधी बराचसा होऊन गेला होता. मुळे थोडी आखूड. सुळे ठीक. बहुतेक मुलांमध्ये यातले एखाद-दुसरेच सापडते, सगळे एकत्र क्वचितच. पण असा एक्स-रे पाहून जाणकार दंतवैद्य सांगू शकतो, की ही मुलगी साधारण कोणत्या वयात आजारी होती.

इथे एक सावधगिरीही हवी. मागची उपदाढ किंवा वरचा दुसरा पटाशीचा दात मुळातच न येणे, हे केमोशी काहीही संबंध नसलेल्या घरांतही आढळते. आत्याला नव्हता, चुलत्याला नव्हता, असे चालत आलेले असते. म्हणून प्रत्येक न आलेला दात कॅन्सरच्या माथी मारता येत नाही. पण दोन्हीकडे सारख्याच वयाला घडणारे अनेक दात एकदम बिघडलेले असले, तर ठसा उपचारांचा असतो.

केमोपेक्षा शेक, म्हणजे रेडिएशन, अधिक कठोर. तो त्या जागेपुरताच असतो, पण जिथे पडतो तिथल्या दातांचे, जबड्याच्या हाडाचे आणि लाळेच्या ग्रंथींचे नुकसान खोल असते. चेहऱ्याच्या किंवा जबड्याजवळच्या गाठीवर लहान वयात एका बाजूला शेक दिला, तर त्या बाजूचा जबडा कमी वाढतो आणि मोठेपणी चेहरा वाकडा दिसतो. बोन मॅरो बदलण्याआधी काही मुलांना सर्वांगाला शेक देतात, तेव्हा दातांवर केमो आणि शेक असा दुहेरी मारा बसतो. भारतात पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये टाटा रुग्णालयातच झाले, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून, तेही एका नऊ वर्षांच्या मुलीवर. त्या काळात अशा मुलांच्या दातांचे पंधरा वर्षांनी काय होईल, हा प्रश्न विचारण्याची चैन कुणाला परवडणारी नव्हती. आधी ती पंधरा वर्षे तरी मिळायला हवी होती.

ती मिळू लागली, तसा प्रश्न उभा राहिला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून टाटासह भारतातल्या मोठ्या केंद्रांनी ल्युकेमियासाठी एमसीपी ८४१ नावाची एकच उपचारपद्धती वापरायला सुरुवात केली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण खूप वाढले. त्या पद्धतीत मेंदूत आजार लपू नये म्हणून डोक्याला शेक दिला जाई. त्याचा कडेचा भाग मागच्या दाढांपर्यंत पोहोचायचा. पुढे पाठीच्या कण्यातून औषध देण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि आता जगभर बहुसंख्य मुलांना तो शेक देतच नाहीत. बुद्धीची वाढ आणि हार्मोन वाचावेत हा त्यामागचा मुख्य हेतू. दात वाचले हा वरचा फायदा.

या विषयावरचा सर्वात मोठा हिशेब अमेरिकेतला आहे. लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या ‘चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी’ने २००९ मध्ये ९,३०८ जणांची आणि तुलनेसाठी अशाच घरांतल्या २,९५१ सख्ख्या भावंडांची दातांची माहिती मांडली. सख्खी भावंडे घेण्यात शहाणपण होते: घर तेच, पाणी तेच, गोड खाण्याच्या सवयी त्याच. तरीही कॅन्सरमधून वाचलेल्यांत खुज्या दातांची आणि बिघडलेल्या मुळांची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. एनॅमलच्या दोषांची दुपटीहून जास्त, सहा किंवा त्याहून जास्त दात गमावण्याची अडीचपटीच्या घरात, आणि तोंड कोरडे पडण्याची तर नऊपटीहून अधिक. दातांवर २० ग्रे (ग्रे हे शेकाचे माप) किंवा त्याहून जास्त शेक पडला असेल तर धोका स्पष्टपणे वाढतो, हेही त्यात दिसले. सायक्लोफॉस्फामाइडच्या जातीची औषधे पाच वर्षांच्या आत जास्त प्रमाणात मिळालेल्या मुलांनाही दोषांची शक्यता जास्त होती. ही मुले १९७० ते १९८६ या काळात आजारी पडलेली होती, हे ध्यानात ठेवायला हवे. आजच्या मुलाचे आकडे कदाचित सौम्य निघतील.

वाशीममध्ये हे आकडे कुणी सांगत नाही, पण दोष देण्याची सोय मात्र घरोघरी असते. पहिला आरोप चॉकलेटवर. दुसरा आईवर: ‘दवाखान्यात होती तेव्हा पोरीचे दात घासले नसतील.’ तिसरा पाण्यावर, आणि तो अगदीच हवेतला नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पिढ्यान्‌पिढ्या दात पिवळे-तपकिरी झालेली गावे आहेत. फ्लोराइडचे डाग आणि केमोचे डाग वरवर पाहता सारखे वाटू शकतात. फरक ओळखायला एक साधी खूण आहे. पाण्याचा दोष घरातल्या सगळ्या भावंडांत आणि शेजारच्या पोरांतही दिसतो. केमोचा दोष फक्त त्या एकाच लेकरात, आणि त्याच्याही सगळ्या दातांवर नाही, ठराविक वयात घडलेल्या दातांवर, ठराविक उंचीला.

आईवरच्या आरोपाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. न आलेल्या किंवा खुज्या दाताला घासण्याशी काही देणेघेणे नाही. कीड मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि उपचारांच्या काळात ती सहज लागते. स्टेरॉइडने मुलाला अवेळी भूक लागते. रात्री दोन वाजता उठून भात मागणारी मुले वॉर्डात नवी नसतात. दुसऱ्या आठवड्यात तेच मूल काहीच खात नाही, म्हणून ग्लुकोजची बिस्किटे, गोड सिरप, बाटलीतले दूध, जे घशाखाली उतरेल ते. त्यात लाळ कमी. त्यात मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी तोंड सोललेले, पाणी पिऊ शकत नाही तिथे ब्रश कोण लावू देणार? आणि त्यावर एनॅमलच पातळ असेल तर कीड झपाट्याने आत शिरते.

या दिवसांत करता येण्यासारखे फार थोडे असते, पण जे असते ते मोलाचे. अगदी मऊ ब्रश; पेशी फार घसरल्या आणि हिरडीतून रक्त येत असेल तर ब्रशऐवजी ओल्या कापसाने किंवा गॉजने पुसणे; मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा; मिश्री, राख, खरखरीत मंजन पूर्ण बंद. शक्य असेल तर केमो सुरू होण्याआधी एकदा दात दाखवून घेणे, म्हणजे कुजलेला दात पेशी पडलेल्या काळात जंतुसंसर्गाचे कारण होत नाही. गावी आलेल्या मुलाचा दुखणारा दात मधल्या काळात परस्पर काढून टाकणे तर धोक्याचे. रक्ताची तपासणी आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा होकार, दोन्ही आधी हवेत. आणखी एक बाब पालकांना आधीच सांगितली तर त्यांचे बरेच हेलपाटे वाचतील. व्हिन्क्रिस्टिननंतर काही मुलांचा जबडा दुखतो, दाढ दुखल्यासारखाच. ते नसांचे दुखणे असते, काही दिवसांत ओसरते. त्यासाठी चांगली दाढ उपटायची नसते.

आता पुन्हा त्या अकरा वर्षांच्या मुलीकडे. दुधाच्या दाढा पडत नाहीत म्हणून तिला दवाखान्यात नेले, तर नेहमीचा शिरस्ता असा, की ‘वेळ झाली, काढून टाकू, खालून नवी येईल.’ एरवी हा सल्ला बरोबर असतो. हिच्या बाबतीत तो चुकीचा ठरेल, कारण खालून काहीच यायचे नाही. एक ओपीजी काढून पाहिला असता तर ती दुधाची दाढ जपायची ठरली असती. नीट सांभाळली, वर कॅप बसवली, तर अशी दाढ विशी-तिशीपर्यंतही काम देऊ शकते. अकोला, अमरावती, वर्ध्याजवळचे सावंगी मेघे, नागपूर इथे दंत महाविद्यालये आहेत, ओपीजीची सोय आहे. प्रश्न यंत्राचा कमी आणि तो एक्स-रे काढायला हवा हे सुचण्याचा जास्त आहे.

तारा लावण्याचेही असेच. दात वाकडे आले म्हणून ब्रेसेस लावायच्या, तर तारांचा ताण दाताच्या मुळांवर येतो. मुळे आखूड असतील तर ताण हलका ठेवावा लागतो, उपचार लवकर आवरते घ्यावे लागतात, कधी थोडा वाकडेपणा तसाच सोडून द्यावा लागतो. उपचार संपून आजाराविना किमान दोन वर्षे गेल्यावरच तारा लावाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. ज्या जबड्याला जोरदार शेक दिलेला आहे, तिथे दात काढणे हेच मोठे काम असते, कारण त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि जखम भरत नाही. इम्प्लांटची घाई नको, जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे साधारण अठरा वर्षांनंतर. तोवर काढता येणारी दातांची प्लेट.

या प्रत्येक निर्णयाला दंतवैद्याला तीनच गोष्टी माहीत हव्यात. कोणती औषधे, किती. शेक दिला असेल तर कुठे, किती. आणि तेव्हा मुलाचे वय काय होते. हे सगळे एका पानावर मावते.

असे पान देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. टाटा रुग्णालयात फेब्रुवारी १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी’ क्लिनिक सुरू झाले. औषधे संपलेल्या मुलांना वर्षानुवर्षे तपासत राहण्यासाठी चालवलेले हे देशातले पहिले क्लिनिक. हृदय, हार्मोन, उंची, मूल होण्याची क्षमता, शाळा, मन अशा अनेक बाबी तिथे पाहिल्या जातात. दातांची आणि कृत्रिम दातांची सेवाही टाटामध्येच आहे. तिथे तपासली जाणारी मुले भाग्यवान. पण पाच-सहा वर्षे सगळे ठीक गेल्यावर फक्त तपासणीसाठी अकोल्याहून मुंबई गाठायची, मजुरीचे दिवस घालवायचे, हे किती घरांना जमेल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा मोठा भार उचलला जातो, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कॅप, तारा आणि इम्प्लांट मात्र बहुतांश घरांत खिशातूनच जातात. दात म्हणजे शोभा, हा समज धोरणांमध्येही मुरलेला दिसतो. ज्या मुलाला उपचारांनीच दात नाकारले, त्याचे दात हा उपचारांचाच उरलेला भाग मानायला हवा, एवढे तरी न्यायाचे आहे.

फाइल दंतवैद्यापर्यंत न पोहोचण्याचे आणखी एक कारण असते, त्यावर कुणी उघड बोलत नाही. मुलगी बरी झाली, आता तिच्या लग्नाच्या वेळी कॅन्सरचे नाव निघू नये, म्हणून घरातले लोक तो विषयच बंद करून टाकतात. नातेवाइकांना ‘कावीळ झाली होती’ म्हणून सांगितलेले असते. मग दंतवैद्याला तरी खरे कोण सांगणार? इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली २००९ पासून चालणारा ‘उगम’ हा लहानपणी कॅन्सर झालेल्या तरुणांचा गट याच लपवालपवीला तोंड देतो. नोकरी करणारे, लग्न झालेले, मुले असलेले हे तरुण स्वतःच पुढे येऊन नव्या पालकांशी बोलतात. वॉर्डातल्या आईला डॉक्टरांच्या दहा शब्दांपेक्षा असा एक हसरा जिवंत माणूस जास्त पटतो.

वाशीमपुरता एक मार्ग फार खर्च न करता मोकळा होऊ शकतो. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ज्या ठराविक आजारांकडे पाहायचे असते, त्यांत दातांचे आजारही आहेत. पथकातल्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले, की त्याच वेळी ‘याला कधी केमो किंवा शेक दिला होता का?’ एवढे विचारून कार्डावर लिहिले, आणि हो असेल तर दहा-अकरा वर्षांच्या वयात एकदा ओपीजीसाठी अकोल्याला पाठवले, तर बरेच दात वेळेत सांभाळले जातील. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे, तिथल्या बालरोग विभागाकडे अशा मुलांची एक यादी असणे अवघड नाही. जिल्ह्यात अशी मुले फार नसतील. नसतील म्हणूनच त्यांची नोंद ठेवणे सोपे आहे.

घरी सांभाळायचे ते असे. उपचार संपताना मिळालेल्या सारांशाच्या दोन झेरॉक्स, एक लॅमिनेट करून. दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी, गरजेप्रमाणे फ्लोराइडचा लेप आणि दाढांच्या खाचा बुजवणारे सीलंट; पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावी किती आणि कोणती पेस्ट वापरायची, हे दंतवैद्याला विचारूनच. डोके-मानेवर शेक झालेल्या मुलाचे तोंड कोरडे राहते, त्याला पाण्याची बाटली वर्गात जवळ ठेवू देण्याविषयी शिक्षकांशी बोलून ठेवावे. आणि चौदा-पंधराच्या सुमारास, मुळांची वाढ पूर्ण होत आलेली असताना, पुन्हा एक ओपीजी. अक्कलदाढा आहेत की नाहीत, तेही त्यातच कळते.